पाया बदलला म्हणजे संख्येत काय बदलते?

(शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासाठी, तिसरी ते पाचवीच्या अंकगणितास पूरक)

प्रास्ताविक

अंकगणिताच्या तासाला आपण मुलांकडून विभाज्यतेच्या काही कसोट्या पाठ करून घेतो. शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असला म्हणजे संख्या सम होय. अंकांच्या बेरजेस ९ ने भाग गेला म्हणजे संख्येसही ९ ने भाग जातो. शेवटी ० किंवा ५ असल्यास ५ ने भाग जातो. मुले या कसोट्या लवकर पाठ करतात व उदाहरणेही बरोबर सोडवितात. परंतु एखाद्या चौकस मुलाने, "गुरुजी, दोनाच्या कसोटीत शेवटचाच अंक का पाहायचा, आणि नवाच्या कसोटीत सगळ्यांची बेरीज का करायची?" असे विचारले, तर "तसा नियमच आहे" एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शिक्षकाच्या मनात एक भेद स्पष्ट असावा लागतो. संख्येचे काही गुण त्या संख्येचे स्वतःचे असतात. काही गुण मात्र आपण ती ज्या रीतीने लिहितो त्या रीतीचे असतात. दहाच्याच पायावर सदैव लिहीत राहिल्यास हा भेद ध्यानात येत नाही. पाया बदलून तीच संख्या पुन्हा लिहून पाहिली म्हणजे तो आपोआप दिसू लागतो. प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच आहे. हा भाग मुलांना परीक्षेसाठी शिकवावयाचा नाही. शिक्षकाने स्वतः हाती काड्या व पाटी घेऊन तो करून पाहावयाचा आहे.

१. दहाखेरीज इतर गट

दहाच्या गटाने मोजणे ही आज आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट असली, तरी इतर गटही आपल्या समाजाला परके नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. तोपर्यंत ३ पैंचा १ पैसा, ४ पैशांचा १ आणा व १६ आण्यांचा १ रुपया असे कोष्टक प्रत्येक शाळेत पाठ होत असे. १ जून १९६४ पासून 'नवा पैसा' यातील 'नवा' हा शब्दही गळाला. तरीदेखील पूर्णपणे खऱ्या गोष्टीला आपण अद्याप 'सोळा आणे खरी'च म्हणतो. वजनाच्या कोष्टकात १६ छटाकांचा १ शेर, ४० शेरांचा १ मण व २० मणांची १ खंडी असे. आपला जिल्हा धानाचा. येथे 'खंडी' या शब्दाचा अर्थ जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. २० नगांची कोडी, १२ नगांचा डझन, ६० पळांची घटिका आणि ६० मिनिटांचा तास हेही दहाबाहेरचेच गट होत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) आरंभी नाण्यांचे कोष्टक दिले आहे. त्यात २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म व १६ द्रम्मांचा १ निष्क सांगितला आहे.

११ आणे व ९ आणे मिळून २० आणे, म्हणजे १ रुपया ४ आणे. येथे हातचा १ आला, पण तो दहा झाल्यावर आला नाही, सोळा झाल्यावर आला. हातचा म्हणजे 'दहाचा एक' नव्हे, तर 'पुऱ्या झालेल्या गटाचा एक', ही गोष्ट जुन्या कोष्टकांनी मुलांच्या हाडीमांसी रुजविली होती. त्या कोष्टकांत अडचण एवढीच होती की, प्रत्येक पायरीला गट निराळा होता. प्रत्येक पायरीला एकच गट ठेवला म्हणजे लेखन सुटसुटीत होते. त्या एका गटाच्या आकारासच संख्यालेखनाचा 'पाया' म्हणतात. आपल्या नेहमीच्या पद्धतीचा पाया १० आहे.

२. काडी, जुडी आणि भारा

आता पाया ८ घेऊ. बांबूच्या सारख्या १०० काड्या घ्याव्यात. आठ काड्यांची एक जुडी बांधावी. आठ जुड्या झाल्या की त्यांचा एक भारा बांधावा. भाऱ्यात ६४ काड्या येतील. १०० काड्यांचा १ भारा बांधून झाल्यावर ३६ उरतात. त्यांच्या ४ जुड्या होऊन ४ काड्या सुट्या राहतात. म्हणून आठाच्या पायावर ही संख्या १४४ अशी लिहावयाची. ती 'एक-चार-चार' अशी वाचावी. 'एकशे चव्वेचाळीस' असे कदापि वाचू नये, कारण 'शे' हा शब्द दहाच्या पायाचा आहे.

या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक लागतात. सातापुढील संख्या १० (एक-शून्य) अशी लिहिली जाते, कारण एक जुडी पुरी झाली व सुटी काडी एकही उरली नाही. १७ नंतर २० येते, आणि ७७ नंतर १००, म्हणजे एक पुरा भारा. ढिगातील काड्या तेवढ्याच राहिल्या आहेत. फक्त बांधणी बदलली आहे.

बेरीज करून पाहू. आठाच्या पायावर २७ व १५ मिळवावयाचे आहेत. ७ व ५ मिळून बारा सुट्या काड्या होतात; त्यांची १ जुडी बांधून ४ उरतात. एककाच्या घरात ४ मांडून हातचा १ घ्यावा. २, १ आणि हातचा १ मिळून ४ जुड्या. उत्तर ४४. ताळा नेहमीच्या पद्धतीने पाहावा : २३ व १३ मिळून ३६, आणि ३६ म्हणजे ४ जुड्या ४ काड्या.

वजाबाकीत शून्याशी गाठ पडली म्हणजे मुले हमखास अडखळतात, म्हणून तेही उदाहरण येथे घेऊ. आठाच्या पायावर ३०२ मधून १४५ वजा करावयाचे आहेत. सुट्या काड्या २ आहेत, ५ हव्या आहेत. जुड्यांच्या घरात शून्य आहे. म्हणून ३ भाऱ्यांपैकी १ भारा सोडावा. ८ जुड्या मिळतात. त्यांतील १ जुडी सोडावी; ८ काड्या मिळतात. आता हाती २ भारे, ७ जुड्या आणि दहा काड्या आहेत. वजा करता १ भारा, ३ जुड्या व ५ काड्या उरतात. उत्तर १३५. 'शून्यावर नऊ' असे जे आपण नेहमी मुलांना सांगतो, ते येथे 'शून्यावर सात' झाले. तो अंक कोठून येतो हे भारा सोडताना डोळ्यांना दिसते.

३. विभाज्यतेच्या कसोट्यांचे मूळ

समसंख्या म्हणजे जिच्या काड्यांच्या जोड्या लावल्या असता एकही काडी एकटी राहत नाही ती. हा गुण काड्यांचा आहे, लेखनाचा नाही. आठाच्या जुडीत जोड्या पुऱ्या लागतात, भाऱ्यातही लागतात. म्हणून फक्त सुट्या काड्या पाहिल्या म्हणजे काम भागते. दहाच्या पायावर 'शेवटचा अंक पाहा' या नियमाचे कारण हेच आहे. दहाला २ ने व ५ ने भाग जातो, म्हणून तेथे २ व ५ या दोन्ही कसोट्या शेवटच्या अंकावर चालतात. आठाला २ ने व ४ ने भाग जातो. म्हणून आठाच्या पायावर ४ ची कसोटीही केवळ शेवटच्या अंकावर चालते, आणि ५ ची चालत नाही.

पाया ७ घेतल्यास काय होते पाहा. १२ काड्यांची एक जुडी व ५ सुट्या, म्हणजे १५. शेवटचा अंक विषम आहे, तरी संख्या सम आहे. २५ काड्यांच्या तीन जुड्या व ४ सुट्या, म्हणजे ३४. शेवटचा अंक सम आहे, तरी संख्या विषम आहे. कारण उघड आहे. सातांच्या प्रत्येक जुडीत जोड्या लावल्यावर एक काडी एकटी राहते. ४९ च्या भाऱ्यातही एक राहते. म्हणून येथे सर्व अंकांची बेरीज पाहावी लागते. १ आणि ५ मिळून ६, सम. ३ आणि ४ मिळून ७, विषम. बारा सम व पंचवीस विषम हे सत्य कोठेही ढळले नाही. ते ओळखण्याची खूण तेवढी बदलली.

नवाच्या कसोटीचे मूळही असेच उकलते. दहाच्या प्रत्येक गटातून एक काडी बाजूला काढली की गटात ९ राहतात. शंभराच्या गटातून एक काढली की ९९ राहतात. या सर्वांना ९ ने भाग जातो. बाजूला काढलेल्या काड्या आणि सुट्या काड्या मिळून जी संख्या होते, तीच अंकांची बेरीज. आठाच्या पायावर जुडीतून एक काढली की ७ उरतात, भाऱ्यातून एक काढली की ६३. म्हणून तेथे अंकांची बेरीज ही सातची कसोटी होते. १४४ (आठाच्या पायावर) यातील अंकांची बेरीज नऊ. नवाला ७ ने भागून बाकी २. आणि १०० ला ७ ने भागून बाकी २ च येते.

मूळ संख्येची गोष्टही अशीच आहे. १३ काड्या समान रांगांत मांडता येत नाहीत. एकच रांग किंवा एकेक काडीच्या तेरा रांगा एवढेच शक्य आहे. आठाच्या पायावर ही संख्या १५ अशी लिहिली जाते आणि १५ हा आकडा पाहून दहाच्या सवयीने तिला ५ ने भाग जातो असे वाटते. पण काड्या तेराच आहेत. मूळ असणे हा संख्येचा स्वतःचा गुण आहे.

४. देवळालीच्या एका शिक्षकाचे संशोधन

लेखनावर अवलंबून असणारे गुण कमी प्रतीचे समजू नयेत. त्यांचा जन्मभर अभ्यास करून जगभर नाव मिळविलेले गृहस्थ शाळाशिक्षकच होते. श्री. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले व १९२९ साली त्यांनी पदवी मिळविली. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे ते १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवीत होते. 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये त्यांच्या कार्याविषयी लिहिले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कापरेकरांनी एका प्रकारच्या संख्यांना 'हर्षद' हे नाव दिले. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. १२ मधील अंकांची बेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. म्हणून १२ हर्षद आहे. आता बारा काड्या निरनिराळ्या पायांवर लिहून पाहाव्यात. दोनाच्या पायावर ११००, बेरीज २. तिनाच्या पायावर ११०, बेरीज २. चाराच्या ३०, बेरीज ३. पाचाच्या २२, बेरीज ४. सहाच्या २०, बेरीज २. साताच्या १५, बेरीज ६. या प्रत्येक बेरजेने बाराला भाग जातो. आठाच्या पायावर मात्र १४, बेरीज ५. येथे भाग जात नाही. पुढे नवाच्या पायावर १३, बेरीज ४. अकराच्या ११, बेरीज २. बाराच्या १०, बेरीज १. सर्वत्र पुन्हा भाग जातो. त्यापुढील सर्व पायांवर बारा हा एकच अंक होतो, व तेथे प्रश्नच उरत नाही. एकंदरीत बारा ही संख्या सर्व पायांवर हर्षद आहे, अपवाद एकट्या आठाचा. १, २, ४ व ६ या संख्या मात्र कोणत्याही पायावर हर्षदच राहतात.

५. ४९५ चे रहस्य

१९४९ साली कापरेकरांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुण आढळला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात वेळा केल्यावर ६१७४ येते व पुढे तेच येत राहते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास ६१७४ च उरतात. तीन अंकी संख्यांत हेच स्थान ४९५ चे आहे. उदाहरणार्थ, ८२१ मधून १२८ वजा करता ६९३. ९६३ मधून ३६९ वजा करता ५९४. ९५४ मधून ४५९ वजा करता ४९५.

हा ४९५ चा स्वतःचा गुण म्हणावा की लिहिण्याच्या रीतीचा? आठाच्या पायावर करून पाहू. ६३१ मधून १३६ वजा करता ४७३. ७४३ मधून ३४७ वजा करता ३७४. पुढे पुन्हा ३७४. सहाच्या पायावर याच रीतीने २५३ येते. साताच्या पायावर मात्र निराळेच घडते. ५२१ मधून १२५ वजा करता ३६३. ६३३ मधून ३३६ वजा करता २६४. ६४२ मधून २४६ वजा करता पुन्हा ३६३. येथे संख्या स्थिर होतच नाही; ३६३ व २६४ यांच्यात हेलपाटे घालीत राहते.

कारण शोधणे अवघड नाही. आठाच्या पायावर संख्येतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील फरकास 'अंतर' म्हणू. वजाबाकीत मधला अंक मधल्या अंकातूनच जातो, शिवाय एक उसना दिलेला असतो; म्हणून उत्तरात मधे नेहमी ७ येतो. पहिला अंक अंतराहून एकाने कमी, आणि शेवटचा अंक आठातून अंतर वजा करून उरेल तो. या दोहोंची बेरीज ७ होते. म्हणून नवे अंतर, म्हणजे ७ मधून त्यांतील लहान अंक वजा केलेले, हे त्यांतील मोठ्या अंकाएवढेच असते. आता संख्या स्थिर व्हावयाची तर नवे अंतर जुन्याएवढे पाहिजे. पहिला अंक तर अंतराहून एकाने कमी आहे, तो चालणार नाही. मग शेवटचा अंकच अंतराएवढा हवा. म्हणजे अंतर आठाच्या निम्मे, ४, हवे. म्हणून ३-७-४. दहाच्या पायावर अंतर दहाच्या निम्मे, ५, म्हणून ४-९-५. साताचे निम्मे पूर्णांक होत नाही. म्हणून साताच्या पायावर संख्या कधीच थांबत नाही. ४९५ चे सारे रहस्य 'दहाचे निम्मे पाच' या एका गोष्टीत आहे. हा गुण लेखनाचा खरा, पण त्याच्या मुळाशी पायाची संख्या सम की विषम हा संख्येचाच गुण आहे.

(क्रिया करताना ०७७ असे उत्तर आल्यास आरंभीचे शून्य गाळू नये, ते धरूनच तीन अंक मोजावेत.)

६. वर्गात उपयोग

आज गणकयंत्रात सारे हिशेब दोनाच्या पायावर, म्हणजे ० व १ या दोनच अंकांनी चालतात. दोनाच्या पायावर १०० ही संख्या ११००१०० अशी लिहितात. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले तर १, १००, १०० असे गट मिळतात, आणि तेच आठाच्या पायावरील १-४-४. पुढे मोठ्या वर्गांत मुलांना हे भेटेलच. प्राथमिक वर्गांत मात्र पुढील तीन गोष्टी पुरेत.

(अ) हातचा व उसना शिकविताना काही दिवस आठाच्या जुड्या बांधून घ्याव्यात. जो मुलगा आठावर हातचा घेऊ शकतो, त्याला दहावरचा हातचा समजला आहे याची खात्री बाळगावी. जो घेऊ शकत नाही, त्याने नियम पाठ केला आहे, समजून घेतलेला नाही, असे समजून त्याला पुन्हा काड्यांकडे न्यावे.

(आ) चौथी-पाचवीत विभाज्यतेची कसोटी सांगण्यापूर्वी गटातून एक काडी बाजूला काढण्याची कृती करून घ्यावी आणि नियम मुलांच्या तोंडून वदवावा.

(इ) निरनिराळ्या पायांची लेखने पाठांतरासाठी देऊ नयेत. एका पाठांतराच्या जागी दुसरे पाठांतर आणण्यात काही लाभ नाही.

याशिवाय शिक्षकाने स्वतः आठाच्या पायावरील उदाहरणे तोंडी हिशेबाने सोडवावीत. पाढे साह्याला येत नाहीत, बोटे मोजावी लागतात, सात आणि पाच मिळवतानाही थबकावे लागते. दुसरीतील मूल दररोज ज्या ठिकाणी उभे असते ते ठिकाण हेच होय. आपल्याला क्षणात येणारे उत्तर त्याला का येत नाही, हे या अनुभवावाचून समजत नाही; आणि ते समजले म्हणजे ज्याला आपण 'मठ्ठ' म्हणून मागच्या रांगेत बसविले, तो पुष्कळदा केवळ न बांधलेल्या जुडीपाशी अडलेला आहे असे आढळते.

७. शिक्षकांसाठी अभ्यास

१. ५० ही संख्या आठाच्या व साताच्या पायावर लिहा.
२. आठाच्या पायावर ३६ व २५ यांची बेरीज करा.
३. आठाच्या पायावर लिहिलेल्या २५३ या संख्येस ७ ने भागल्यास बाकी किती, ते भागाकार न करता सांगा.
४. १८ ही संख्या दहाच्या, आठाच्या व साताच्या पायांपैकी कोठे हर्षद आहे?
५. सहाच्या पायावर ४१० पासून आरंभ करून कापरेकरांची क्रिया स्थिर संख्या येईपर्यंत करा.
६. बाराच्या पायावर तीन अंकी स्थिर संख्येचे अंक कोणते असतील, हे वजाबाकी न करता कारणासह सांगा.

उत्तरे : (१) ६२, १०१. (२) ६३. (३) अंकांची बेरीज दहा, म्हणून बाकी ३. (४) दहाच्या (बेरीज ९) व साताच्या (लेखन २४, बेरीज ६) पायावर हर्षद. आठाच्या (लेखन २२, बेरीज ४) पायावर नाही. (५) ३५२, नंतर २५३. (६) अंतर बाराचे निम्मे, ६; म्हणून अंक पाच, अकरा व सहा.

ही उदाहरणे प्रत्येकाने सोडवून केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणावीत. तेथे उत्तरांइतकीच चर्चा रीतींची व्हावी. आपल्या वर्गातील मुलांनी जुड्या बांधताना कोणते प्रश्न विचारले, तेही सोबत टिपून आणावेत. पुढील पाठाची आखणी त्या प्रश्नांवरून करणे सोयीचे होईल.